बडीशेपेचा डबा

ती. आई-आप्पांस सा.न.

आप्पा, आधी रागावून घ्या, मग वाचा. आखाजीला आले तेव्हा बडीशेपेच्या डब्यामागे शुगरच्या गोळ्यांची दोन पाकिटं सापडली. एकही गोळी फोडलेली नाही. आई हळूच म्हणाली, "भेंडीचं पाणी चालू आहे ना त्यांचं." सकाळी उपाशीपोटी 262 निघाली, तर तुम्ही मशीनलाच खोटं पाडलंत!

भेंडीतल्या फायबरमुळे जेवणातली साखर रक्तात जरा सावकाश चढते, एवढं खरं. भेंडीचं पाणी प्यायलं की "गोळ्या कायमच्या बंद" हे तुमच्या मोबाइलवर आलेल्या त्या व्हिडिओवाल्याने पदरचं जोडलंय. त्याने तुमचा एकतरी रिपोर्ट पाहिला होता का?

मला नवल वाटतं ते तुमचं. पल्स पोलिओच्या रविवारी तुमची ड्यूटी असायची. डोस दिला की पोरांना पुढे मूलबाळ होत नाही, असं कुणीतरी पसरवलेलं आणि वस्तीवरची दारं बंद. तुम्ही वाद घातला नाहीत. मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलंत आणि एका ओट्यावर उभं करून सगळ्यांदेखत माझ्याच तोंडात दोन थेंब टाकलेत. मी थुंकणार, तेवढ्यात तुम्ही डोळे वटारले. 2014 ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, ते कात्रण अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटलेलं आहे.

आणि आपल्या साक्रीकडचं राईनपाडा? 1 जुलै 2018. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज मोबाइलवर फिरत होते आणि बाजाराच्या दिवशी पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, असं बंधन घातलं. तुमच्या भेंडीच्या व्हिडिओवरही फॉरवर्डचे दोन बाण आहेत, बघा. म्हणजे तो बरीच गावं फिरून तुमच्याकडे आलाय.

मीही काही सोवळी नाही. 2020 मध्ये "वाफ घ्या, विषाणू मरतो" हे मीच तुम्हाला पाठवलं होतं. आईचं नाक पोळलं, ती बोलली नाही एवढंच.

बुधवारी डॉक्टरांकडे जा. एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करा, त्यात तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब निघतो, मशीनवर आळ घ्यायला नको. भेंडीचं पाणीही त्यांना सांगा, लपवू नका.

आई, गोळ्या डब्यामागे नको, डब्यातच ठेव. जेवण झालं की आप्पा तो डबा उघडतातच.

तुमची,
ताई