जस्ताच्या बादलीतला नमुना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जून लागला, कृषी केंद्रात युरिया मागितला, की सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी उचलावीच लागते. नको म्हटलं तर युरियाही ‘संपलेला’ असतो. या लिंकिंगबद्दल सरकारी ताकीद निघत असते, बातम्याही येतात. मला सांगायचं आहे ते दुकानदाराचं फावतं कसं, याबद्दल. आपल्या वावरात काय कमी आहे, हे आम्हालाच ठाऊक नसतं.

मृद आरोग्य पत्रिका, म्हणजे मातीच्या तपासणीचं सरकारी कार्ड, २०१५ पासून आहे, माझ्याकडेही आहे. त्यात १२ घटक तपासतात, जस्त, लोह, बोरॉन सगळं आलं. पण नमुना घ्यायचा हिशेब बघा: बागायतीत २.५ हेक्टरला एक, कोरडवाहूत १० हेक्टरला एक. माझी जमीन अवघी ७ एकर. वरचा तुकडा बरड, वखराच्या पासेला गोटे लागतात. खालचा नाल्याकाठचा, भारी, वैशाखात भेगेत पाऊल जाईल असा. दोन्हींना आकडे एकच, शेजाऱ्याच्या कार्डावरही तेच. गेल्या ऑक्टोबरात बरडावरच्या पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची, खालची पानं लाल झाली, शिरा तेवढ्या हिरव्या. मॅग्नेशियम कमी पडल्याने आलेला लाल्या. भारी तुकड्यात एक पान लाल नाही. आणि मॅग्नेशियम तर त्या १२ घटकांत नाहीच! १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट टाकून दोन फवारे मारले, पण लाल झालेलं पान काही परत हिरवं होत नाही. (गावात एकाने तुडतुडे या किडीने लाल पडलेल्या पानांवरही तेच मारलं. त्याला तरी काय बोलणार?)

नमुना घेतला तेव्हा मी धुऱ्यावर उभा होतो. आलेल्या पोराने लोखंडी फावड्याने माती काढली आणि जस्ताच्या बादलीत कालवली. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत माती कालवून तिच्यातलं जस्त मोजायचं! सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या नमुन्याला प्लास्टिकची बादली आणि लाकडी खुरपणी लागते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दोष त्याचा नाही. कार्ड हाती आलं ते ऑगस्टमध्ये, डवरणी आटोपल्यावर.

जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट हेक्टरी २० ते २५ किलो, तेही पेरणीच्या वेळी ओलीत, आणि डीएपी या स्फुरदाच्या खतात न मिसळता. मिसळलं तर स्फुरदाशी बांधलं जाऊन दोन्ही वाया. एकदा दिलं की पुढचे दोन-तीन हंगाम त्याचा अंश राहतो. मग दरवर्षी दुकानदाराची ती पिशवी कशाला? त्यात पुन्हा सगळं चिमूटचिमूट. चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्यातलं लोह, जस्त लवकर अडकतं, आणि पावसाने ताण दिला की मुळांपाशी पोचतच नाही. मग पात्या-फुलांच्या वेळी, झाडाला थोडी ओल असताना, फवाराच कामी येतो.

कृषी विभागाने एवढं करावं: या उन्हाळ्यात बरड आणि भारीचे नमुने वेगळे घ्यावेत, कापसाच्या पट्ट्यात मॅग्नेशियमही तपासावं आणि कार्ड मृगाच्या आधी द्यावं. प्लास्टिकची बादली मी घरची देतो.

आपला वाचक,
एक कोरडवाहू कापूस उत्पादक,
आर्णी तालुका, जि. यवतमाळ