फुटेल, हरवेल, संपेल असं सामान द्या!

सोलापूरकर बंधू-भगिनींनो,

आम्ही पूर्व भागातल्या एका महापालिका प्राथमिक शाळेची शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यामुळे आमच्यात बहुतेक जण यंत्रमागावर, विडीच्या कामावर नाहीतर एखाद्या दुकानात राबणारे. तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी दर शनिवारी सकाळच्या शाळेत एक तास प्रयोगांचा ठेवायचा, असं समितीत ठरलं आहे. बाईंची तयारी आहे, मुख्याध्यापकांची परवानगी आहे. सामान नाही. त्यासाठी हे आवाहन.

परिसर अभ्यासाच्या पुस्तकात ‘करून पहा’ अशा चौकटी जागोजागी आहेत. पण करायला हातात काही नसलं की मुलं ती चौकट मोठ्यानं वाचतात आणि पान उलटतात. काही शाळांत सामान असतं, पण कुलूपबंद कपाटात. भिंग हरवेल, परीक्षानळी फुटेल, मग तपासणीला काय दाखवायचं, ही भीती. आम्हाला ते नको. आमच्या हिशेबात फुटतुटीचे पैसे आधीच धरले आहेत.

म्हणून पहिली विनंती: टीव्ही, प्रोजेक्टर किंवा नाव कोरलेलं काचेचं कपाट देऊ नका. भावना पोचली. पण पडद्यावर पाहिलेला प्रयोग मुलाच्या हाताला कळत नाही.

काय करणार आहोत ते थोडं सांगतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद साबणाच्या पाण्यानं लाल होतो आणि लिंबाचा रस टाकला की परत पिवळा. वरणाचा डाग धुताना लाल का झाला, हे मग घरी आईला मुलगीच सांगेल. सालासकट लिंबू पाण्यावर तरंगतं, साल काढलं की बुडतं. का, ते बाई लगेच सांगणार नाहीत. आधी वर्गात वाद होऊ द्यायचा.

काही प्रयोग खास आपल्या गावचे आहेत. भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या टेरी टॉवेलचा एक तुकडा आणि तेवढाच साध्या सुती कापडाचा तुकडा पाण्यात भिजवायचा, वर काढून दोन वेगळ्या भांड्यांत पिळायचा आणि पाणी मोजायचं. टॉवेलवरचे उभे फास पाणी कसं धरतात, ते भिंगातून बघायचं. जकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राचं, भोकं पाडलेलं जुनं कार्ड आणलं तर आणखी मजा. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि तो धागा उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. चादरीवरचा मोर असा भोकांच्या हिशेबानं उतरतो. मुलं चौकटीच्या कागदावर आपलं कार्ड बनवतील आणि रंगीत पट्ट्या विणून नक्षी बरोबर येते का बघतील. घरी तेलुगू बोलणारं आणि वर्गात मराठी बोलायला बिचकणारं पोरसुद्धा या कामात गप्प बसणार नाही, कारण माग त्यानं जवळून पाहिलेला असतो.

एप्रिलमध्ये पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या सावलीत ठेवायच्या, एकीला ओलं फडकं गुंडाळायचं आणि तासाभरानं दोन्हींचं तापमान घ्यायचं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात फरक चांगला दिसतो. हाच प्रयोग जुलैत, हवा दमट असताना केला की फरक कमी पडतो. पावसाळ्यात कूलर का चालत नाही, याचं उत्तर त्यात आहे.

एक प्रयोग मात्र फुकटचा. मैदानात सरळ काठी रोवायची आणि सावलीचं टोक खडूनं टिपत जायचं. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही, साडेबाराच्या आसपास पडते. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि सोलापूर ७६ अंशांच्या जवळ. अंशाला चार मिनिटं, असा तो हिशेब. शिवाय जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा दुपारची सावली दक्षिणेला पडते, ऑगस्टच्या सुरुवातीला एखादा दिवस नाहीशीच होते आणि पुढे उत्तरेला वळते. ढगांनी दगा दिला तर तो दिवस हुकणार. मेमधला शून्य सावलीचा दिवस शाळेला उपयोगी नाही, कारण सुट्टी असते.

आता मागणी. चार-पाच मुलांना एक संच, असे १८ संच करायचे आहेत. संचात भिंग, दोन लोहचुंबक, अल्कोहोलचा तापमापक, मोजपात्र, ड्रॉपर, टॉर्चचे छोटे बल्ब, वायर आणि साधे सेल. एका संचाला साधारण १,२०० रुपये, म्हणजे एकूण २१,६०० रुपये. फुटतुटीसाठी वर्षाला आणखी ५,००० रुपये. पूर्ण संच देणं जमत नसेल तर एक भिंगही चालेल.

पैशांपेक्षा वस्तू सहज देता येत असतील तर रिकाम्या कांड्या, सुताचे उरलेले गुंडे, टॉवेलच्या चिंध्या, जकार्डची जुनी कार्डं, बुटांची खोकी, प्लास्टिकच्या बाटल्या आणि बरण्या द्या. पाऱ्याचा तापमापक, घड्याळातले बटण सेल आणि फुटकी काच कृपया नको. बटण सेल लहान मूल गिळू शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

महिन्यातून एक शनिवार देणारी माणसंही हवीत. निवृत्त शिक्षक, पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, माग दुरुस्त करणारे मिस्त्री, कुणीही. एकच अट: मुलाच्या हातातलं काम काढून स्वतः करायचं नाही. ही अट मोठ्यांना फार जड जाते, असा आमचा अंदाज आहे.

खर्चाचा हिशेब दर तीन महिन्यांनी शाळेच्या फलकावर लागेल. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, मुलं आपले प्रयोग पालकांना करून दाखवतील. दुकानातून आणलेली थर्माकोलची मॉडेलं त्यात नसतील. पाळी सुटल्यावर कामगार पालकांना येता यावं म्हणून वेळ संध्याकाळची ठेवली आहे.

वस्तू शाळेच्या वेळेत ऑफिसात आणून द्याव्यात, खोक्यावर आत काय आहे ते लिहावं. रोख रक्कम कुणाच्याही हातात देऊ नये. चेक समितीच्या नावानं काढावा आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये.

आपले,
शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य
पूर्व भाग, सोलापूर