रस्त्याखालची माती गोठवूनही तपासा
(केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्र्यांना खुले पत्र)

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

तुर्भ्याच्या एमआयडीसीत माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करतो. ठाणे-नवी मुंबईत जमीन गोठत नाही. इथे रस्त्याचा वैरी पाऊस. म्हणून सीबीआर, म्हणजे माती किती भार पेलते त्याचं माप, काढण्याआधी मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवतात. जमीन गोठणाऱ्या हिमालयातल्या लाहौल-लडाखच्या रस्त्यांना मात्र तेवढी परीक्षा पुरत नाही.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि त्यानेच डांबर उचललं जातं, असा समज आहे. टेबर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९३०च्या सुमारास पाण्याऐवजी बेंझिन भरून माती गोठवली. बेंझिन गोठताना आकसतं, तरीही माती वर उचलली गेली! गोठणारा थर खालचा द्रव सतत ओढून घेतो. रस्त्याखाली असेच बर्फाचे पापुद्रे जाड होत जातात. स्वच्छ वाळूत हे घडत नाही, घट्ट चिकणमातीतून पाणी फार सावकाश चढतं. घात करते ती मधली, पिठासारखी माती. मृदा-अभियंते कॅसाग्रांदे यांच्या निकषाप्रमाणे लहानमोठे सगळे कण असलेल्या मुरमातही ०.०२ मिमीहून बारीक कण ३ टक्क्यांच्या वर गेले की धोका असतो. म्हणजे दिसायला उत्तम भरावही फसवू शकतो.

खरी पडझड बर्फ वितळताना होते. वरचा थर वितळतो, खालचा गोठलेलाच असतो, पाण्याला वाट मिळत नाही आणि सबग्रेडचा, म्हणजे रस्त्याखालच्या मातीच्या थराचा, चिखल होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांग खिंड बंद असतानाही लाहौलला गाड्या जातात. या नाजूक दिवसांतही भरलेले ट्रक त्याच रस्त्यांवरून धावणार.

आयआरसी:३७ या इंडियन रोड्स काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांसाठीच्या मार्गदर्शिकेच्या २००१च्या आवृत्तीत अशा भागांसाठी रस्त्याच्या थरांची एकूण जाडी किमान ४५० मिमी ठेवण्याचा सल्ला आहे. पण कोणत्या खाणीची माती घ्यावी, हे जाडी सांगत नाही. ते चाचणी सांगते: नमुना खालून पाणी देत दोनदा गोठवायचा, दोनदा वितळवायचा, किती वेगाने फुगला ते मोजायचं आणि मग सीबीआर काढायचा. हे काम आठवड्याच्या आत होतं. कोट्यवधींच्या रस्त्यापुढे हा खर्च काहीच नाही.

माझी कळकळीची विनंती आहे की, अतिउंचीवरील रस्त्यांच्या निविदांत भरावाच्या प्रत्येक खाणीसाठी ही चाचणी सक्तीची करावी आणि वितळल्यानंतरचा सीबीआरच रस्त्याच्या संकल्पनात (डिझाइनमध्ये) धरावा. अमेरिकेतल्या मिनेसोटात बर्फ वितळण्याच्या काळात ट्रकच्या वजनावर मर्यादा असते. तीही इथे लागू करावी. येत्या हिवाळ्याआधी निघणाऱ्या निविदांपासूनच सुरुवात व्हावी.

आपला नम्र,
नवी मुंबईतील एक माती परीक्षक