बॅटरी बदलण्याआधी एक रात्र निगेटिव्ह काढून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर एका वाचकाने विचारलं होतं, की संध्याकाळी व्यवस्थित चालवून उभी केलेली गाडी सकाळी सेल्फ घेत नाही, काय करावं? उत्तर एका ओळीचं होतं : बॅटरी जुनी झाली असेल, बदलून टाका. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. आयुष्य गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलं. ते उत्तर वाचून हे पत्र लिहिल्यावाचून राहवलं नाही. कधी कधी ते उत्तर बरोबरही ठरतं. पण न मोजता दिलेल्या या सल्ल्यामुळे चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात आणि खरा दोष गाडीतच राहून नव्या बॅटरीलाही खातो.

आधी साधा हिशेब पाहू. लहान गाडीची बॅटरी ४५ अँपिअर-अवरची धरा, म्हणजे एक अँपिअर ४५ तास पुरेल एवढा साठा. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटरची मेमरी यांना थोडा करंट लागतोच. साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. ५० धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे भरलेली बॅटरी अर्धी व्हायला दोन आठवड्यांच्या वर लागतात. आतला ५ वॉटचा दिवा रात्रभर जळत राहिला तर तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो. दहा तासांत ४ अँपिअर-अवर, दहाव्या हिश्श्याहूनही कमी. निरोगी बॅटरी एवढ्यावर सकाळी गाडी उचलतेच. भरलेली बॅटरी एका रात्रीत पार बसायची तर चार-साडेचार अँपिअर सतत वाहायला हवेत. म्हणून एका रात्रीत बॅटरी उतरली असं कुणी सांगितलं की मी तीन शक्यता धरतो. गाडीत काहीतरी मोठा करंट खातंय, बॅटरीची साठवण्याची ताकदच संपलीय, किंवा ती संध्याकाळीसुद्धा भरलेली नव्हती.

यातली पहिली आणि दुसरी शक्यता वेगळी करायला गॅरेजही लागत नाही. एक साधं डिजिटल मल्टिमीटर पुरतं. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, म्हणजे चार्जिंगनंतरचा वरवरचा फुगीर व्होल्टेज उतरतो. मग निगेटिव्ह खांबावरची वायर काढून बाजूला ठेवा, थोडा वेळ जाऊ द्या, बॅटरीच्या दोन खांबांवर व्होल्टेज मोजा आणि लिहून ठेवा. सकाळी वायर लावण्याआधी पुन्हा मोजा. रात्री १२.६ आणि सकाळीही १२.६ च्या आसपास असेल, तर चार्ज बॅटरीच्या आत गळत नाही; संशय गाडीवर जातो. वायर सुटी असूनही १२.२ वर आली, तर गळती बॅटरीच्या आतच आहे. साडेदहा दाखवलं, तर सहापैकी एक सेल गेला, कारण प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. निगेटिव्हच काढायची, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर जबरदस्त ठिणगी उडते, आणि बॅटरीच्या आसपास हायड्रोजन असू शकतो. लावतानाही निगेटिव्ह शेवटी.

मात्र १२.६ दिसलं म्हणजे बॅटरी निर्दोष, असं नाही. आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसलेली बॅटरी आरामात असताना चांगला आकडा दाखवते आणि सेल्फ मारताच कोसळते. म्हणून सेल्फ मारताना मीटर पाहायचं. आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरीची लोड टेस्ट, म्हणजे मोठा करंट ओढून केलेली तपासणी, करून घ्या. सेल्फ मारतानाच मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरं त्यावरच्या क्लॅम्पवर टेकवा. तिथे अर्धा व्होल्ट दिसला, तर दोष नुसता गंजलेल्या किंवा सैल क्लॅम्पचा असतो आणि पॉलिश पेपरने घासून क्लॅम्प घट्ट आवळला की तो जातो. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा हलला म्हणून घाबरू नका. मात्र तो सतत साडेबाराच्या खालीच राहत असेल, तर तिसरी शक्यता खरी, बॅटरी भरतच नाहीये.

आता गाडीच करंट खाते असं ठरलं, तर खरं काम सुरू होतं, आणि घाई नेमकी इथेच होते. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून, मीटर निगेटिव्ह खांब आणि सुटी केलेली केबल यांच्यामध्ये जोडायचं. हे जोडलेलं असताना सेल्फ मारायचा नाही, हेडलाइट लावायचे नाहीत, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. सुरुवातीला काही अँपिअरसुद्धा दिसतात. ते पाहून ‘वायरिंग शॉर्ट आहे’ असं सांगणारे मी पाहिलेत. गाडीतले कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, गाडी बंद केल्यावर झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात, काही गाड्यांत तासभर. दार उघडं ठेवून काम करायचं असेल तर त्याचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने बंद करून ठेवा, म्हणजे गाडीला दार मिटलंय असं वाटेल. बिनकिल्लीच्या गाडीची चावी लांब ठेवा. ती जवळ असली तर काही गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात.

आकडा स्थिरावला की फ्यूज एकेक उपटत बसण्याची जुनी पद्धत नव्या गाड्यांत फसवते, कारण फ्यूज परत लावला की झोपलेलं युनिट जागं होतं. त्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजा. फ्यूजला स्वतःचा अगदी थोडा रेझिस्टन्स असतो, त्यामुळे करंट वाहत असेल तिथेच काहीतरी आकडा दिसतो. बरेचदा माग जातो तो मागाहून बसवलेल्या वस्तूंपर्यंत : पार्किंग मोडवर ठेवलेला डॅशकॅम, ट्रॅकर, ॲम्प्लिफायरची चुकीच्या जागी जोडलेली वायर. म्हणून त्रास सुरू होण्याआधी गाडीत नवीन काय बसवलं, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो. डिकीचा दिवा विझतो की नाही हे पाहायला मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवा आणि डिकी लावा. डॅशबोर्डच्या खणालाही हीच युक्ती.

आणि एकाही फ्यूजवर आकडा दिसला नाही तर? एका परिचारिकाताईंच्या गाडीचं असंच होतं. ड्युटीवरून येऊन गाडी लावायच्या आणि पुढच्या ड्युटीला निघताना नुसता टिकटिक आवाज. जवळच्या अंतरावर ये-जा, त्यामुळे बॅटरी कधी पुरती भरतही नव्हती. बॅटरी नवी घालून झाली होती, तीही तशीच बसू लागली. सगळे फ्यूज गप्प, तरी मीटर दीड अँपिअरच्या वर. चार्जिंग १४ व्होल्टच्या आसपास दाखवत असल्यामुळे अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनरेटरकडे, कुणी पाहिलंच नव्हतं. बॅटरीची केबल सुटी करून अल्टरनेटरची जाड वायर काढली, टोकाला टेप गुंडाळला, केबल पुन्हा मीटरमधून जोडली, आणि आकडा ३० मिलिअँपिअरवर आला. करंट एकाच दिशेने जाऊ देणारा आतला डायोड गळत होता. गाडी बंद असताना करंट उलटा वाहून वाया जात होता. अल्टरनेटर दुरुस्त झाला, बॅटरी तीच राहिली. पेशंट वाट पाहत असताना दरवेळी कुणाकडे तरी जंप, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायर जोडून स्टार्ट, मागायला लागणं काय असतं, ते त्यांच्याकडून ऐकून मला फार वाईट वाटलं होतं.

जंपबद्दलही सांगतो. जंप देऊन अर्धा तास फिरवली की बॅटरी भरली, हा समज घातक आहे. पार उतरलेल्या बॅटरीला चार्जरवर बरेच तास लागतात. ती अर्धवट भरलेली राहिली की सल्फेट घट्ट होत जातं आणि दोष नसलेली बॅटरीही खरोखर मरते. मग गळतीही काढावी लागते आणि बॅटरीही बदलावी लागते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत बदलायचीच झाली तर एजीएम किंवा ईएफबी या खास बॅटऱ्यांपैकी जी मुळात होती तीच जात घाला, आणि अनेक गाड्यांच्या कॉम्प्युटरला नवी बॅटरी कळवावी लागते, तेही करून घ्या.

माझ्या व्यवसायबंधूंना या पत्रातून एक विनंती आहे. बॅटरी बदललीत तर बिलावर चार आकडे लिहा : आरामातला व्होल्टेज, सेल्फ मारतानाचा, इंजिन चालू असतानाचा आणि गाडी झोपल्यावरचा मिलिअँपिअर. वाहनमालकांनीही जुनी बॅटरी सोडून देण्याआधी ते मागावेत. आणि आपण वाहनविषयक पानावर बॅटरीबद्दल पुन्हा सल्ला छापाल, तेव्हा हे चार आकडे आधी छापावेत.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन