मुन्नारला ‘आत्ता येऊ नका’ म्हणणाऱ्या आलुव्याच्या दादांना

दादा,

स. न. वि. वि.

फोनवर दोनदा आभार मानायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून पावसापाण्याच्या गप्पा सुरू केल्यात. म्हणून आता लिहूनच पाठवते. तुमचं नाव कुठे टाकायचं नाही असं बजावलंय तुम्ही, ते पाळते. पण पत्र सगळ्यांना वाचू देणार आहे. दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच, ‘पूर आलाय म्हणतात, पण बुकिंग झालंय, जावं का?’ त्यांना मी तुमची गोष्ट सांगते. ती एकदा नीट सांगायची होती.

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. कारवी फुलली की पोरांना घेऊन हरिश्चंद्रगडाकडे जायचे. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, आणि तिच्याच कुळातली नीलकुरिंजी मुन्नारच्या डोंगरांवर बारा वर्षांनी. २००६ च्या बहराला त्यांना जायचं होतं, तेव्हा सासूबाई आजारी होत्या. मग २०१८. बाबा तेव्हा ७४ वर्षांचे. त्यापुढचा बहर २०३० चा. हा हिशेब बाबांनी कधी बोलून दाखवला नाही, पण घरात सगळ्यांना तो पाठ होता.

त्या वर्षी सुट्ट्याही कशा जुळून आल्या होत्या! १५ ऑगस्ट बुधवारी, पतेती शुक्रवारी. गुरुवारची एक रजा टाकली की रविवारपर्यंत मोकळे. १४ तारखेच्या संध्याकाळचं कोचीचं विमान, रात्री कोचीजवळच्या आलुव्यात मुक्काम, सकाळी गाडीने मुन्नार. मार्चपासून तिकिटं काढून ठेवली होती.

९ ऑगस्टला टीव्हीवर केरळातल्या इडुक्की जलाशयाच्या चेरुतोणी धरणाचा दरवाजा उघडताना दाखवला. २६ वर्षांनी उघडला म्हणे, १९९२ नंतर पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी पाचही दरवाजे उघडले. ते पांढरं फेसाळ पाणी पाहून माझ्या पोटात गोळा आला. पण दोन-तीन दिवसांत पाऊस उतरला, बातम्या मागे पडल्या, विमानं सुरूच होती. ट्रॅव्हल एजंट म्हणाला, केरळात पाऊस नेहमीचाच, काही होत नाही. मुन्नारच्या हॉटेलवाल्याने सांगितलं, इथे आज छान उघडलंय, या. कोणी खोटं बोलत होतं असं मी म्हणणार नाही. पण त्यांचं काही ना काही आमच्या येण्यात गुंतलेलं होतं, आणि आमचं मन तर त्यांच्याहून जास्त गुंतलेलं होतं. ‘या’ म्हणणारा शोधायला गेलं की तो सापडतोच.

तुमचा नंबर दिला आमच्या पेठेतल्या सराफांनी. ‘विट्याकडचा माणूस आहे, आलुव्यात गलाईचं दुकान आहे, त्याला विचारा,’ म्हणाले. (वाचणाऱ्यांपैकी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा करतात. काश्मीरपासून केरळपर्यंत सराफ बाजाराच्या एखाद्या गल्लीत वाकून भट्टीवर सोनं वितळवायची मूस धरलेला माणूस दिसला, तर त्याच्याशी मराठीत बोलून बघावं.)

तो पहिला श्रावणी सोमवार होता, १३ ऑगस्ट. उपास सोडून मी फोन लावला. अनोळखी बाईचा फोन, प्रश्नही असा. तुम्ही चटकन ‘या’ म्हणाला असतात किंवा ‘नका येऊ’ म्हणाला असतात, तरी मी आभार मानून फोन ठेवला असता. तुम्ही म्हणालात, ‘अर्धा तास द्या ताई. नदीवर जाऊन बघून येतो, मग सांगतो.’ दुकान बंद करायच्या वेळेला, दिवसभर भट्टीपुढे बसल्यावर, एका परक्या कुटुंबाच्या सहलीसाठी तुम्ही पेरियारच्या काठावर गेलात. त्या धरणाचं पाणी याच नदीतून आलुव्यापर्यंत येतं. नंतर व्हॉट्सॲपवर फोटो आला. तो अजून माझ्याकडे आहे. एका घराची भिंत, तिच्यावर छातीच्या उंचीला चिखलाची रेघ, आणि त्या रेघेला टेकवलेला तुमचा हात. तेजाबाने, म्हणजे सोनं शुद्ध करायच्या ॲसिडने, पिवळी पडलेली बोटं. पाणी कुठवर आलं होतं ते कळावं म्हणून तुम्ही हात लावला होता, पण मी कितीतरी वेळ त्या बोटांकडेच बघत राहिले.

मग तुम्ही बाबांना फोनवर मागितलंत. मी स्पीकर लावला. तुमचं बोलणं जसं आठवतं तसं लिहिते.

‘मास्तर, पाणी उतरलंय, खरं हाय. पण धरण उतरलं न्हाई. २४०३ फुटाला भरतंय, आन् आता जेमतेम काही फूट जागा राहिलीया. आत्तापर्यंतचा पाऊस धरणानं पोटात घेतला. आता जो येईल त्यो थेट खाली. माझं गाव दुष्काळी, पण आजोळ भिलवडीचं, कृष्णाकाठचं. २००५ ला बघितलंय मी. नदी येताना सांगून येत न्हाई, पण धरण सांगतंय.’

बाबांनी विमानतळाचं विचारलं. तुम्ही सांगितलंत की नेडुंबश्शेरीचा, म्हणजे कोचीचा, विमानतळ नदीपासून फार लांब नाही, २०१३ च्या ऑगस्टात इडमलयार धरणाचं पाणी सोडलं तेव्हाही धावपट्टीवर पाणी येऊन तो बंद ठेवावा लागला होता. मुन्नारच्या वाटेवर नेरियमंगलमपासून अडिमालीपर्यंतच्या घाटात माती कशी सुटते तेही सांगितलंत. आमच्याकडे दिव्याची अवस झाली त्याच दिवशी तिकडे पितरांना पिंड द्यायची मोठी अमावस्या असते. आलुव्याच्या नदीकाठी मणप्पुरमच्या वाळवंटात दरवर्षी हजारो माणसं जमतात, यंदा तिथे पाणी, म्हणून लोकांनी ते कार्य रस्त्याच्या कडेला उरकलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. यातलं एकही आमच्या एजंटाने सांगितलं नव्हतं. ते कळायला त्या गावात राहावं लागतं, आणि सांगायला समोरच्याची काळजी लागते.

बाबा तरी अडूनच होते. म्हणाले, ‘आम्ही सांभाळून राहू हो, हॉटेलातून बाहेर पडणार नाही.’ त्यावर तुम्ही थोडा वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, ‘मास्तर, राग नका मानू. पुरात पाव्हणा म्हंजे होडीतली एक जागा. तुम्ही चौघं आलासा तर हितल्या चार माणसांची जागा जाणार.’

बाबांनी चष्मा काढून पुसला. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाला कोणीतरी एका वाक्यात काही शिकवलं होतं. आम्ही सगळे आमच्या जिवाचा विचार करत होतो. आमच्यामुळे दुसऱ्या कोणावर काय वेळ येईल, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

‘आणि फूल?’ एवढंच त्यांनी विचारलं.

‘फूल थांबलंय. मुन्नारहून चहा आणणाऱ्या गाडीचा डायव्हर परवाच सांगत हुता, पावसानं अजून नीट फुललंच न्हाई. दसऱ्याच्या टायमाला या. तवा मातूर नक्की या, हितल्या लोकांना गरज लागंल. आत्ता येऊ नगासा.’

१४ तारखेला आम्ही तिकिटं रद्द केली. रद्द करताना बरेच पैसे कापले गेले. खरं सांगते, त्या दुपारी मला तुमचा राग आला होता. विमान वेळेवर दिसत होतं, लेक बॅग भरून दारात बसली होती, बाबा खिडकीशी गप्प. एका अनोळखी माणसाच्या शब्दावर आपण बारा वर्षांची गोष्ट सोडली, असं वाटत राहिलं. दादा, त्या रागाबद्दल माफी मागते.

१५ ऑगस्टच्या सकाळी झेंडावंदनाच्या बातम्यांच्या खाली पट्टी सरकली, कोची विमानतळ बंद. आधी दुपारपर्यंत, मग १८ पर्यंत, मग पुढे ढकलत ढकलत तो २९ ऑगस्टला उघडला. आमचं विमान १४ च्या रात्री उतरलं असतं. पहाटेपासून विमानतळ बंद, मुन्नारचा रस्ता तुटलेला, आणि आम्ही आलुव्याच्या लॉजमध्ये, ७४ वर्षांचे बाबा, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी घेऊन. पुढच्या दोन दिवसांत त्याच आलुव्याच्या रस्त्यांवरून होड्या चालल्या.

मी तुम्हाला फोन लावला तर तुम्ही वरच्या मजल्यावर. ‘मूस आन् वजनकाटा वर आणलाय, तेजाबाचे कॅन पण आणलेत, पाण्यात सांडलं तर लोकांना त्रास. भट्टी राहिली खाली,’ एवढं बोललात आणि बॅटरी जपायची म्हणून फोन ठेवलात. स्वतःचं दुकान बुडत असताना तुम्ही तेजाब दुसऱ्याच्या अंगाला लागेल याची काळजी करत होतात! मग दोन दिवस फोन बंद. त्या दोन दिवसांत आमच्या घरात टीव्ही बंद झाला नाही. चौदाच्या चौदा जिल्ह्यांना रेड अलर्ट, छपरांवर माणसं, कोल्लमकडचे कोळी आपल्या होड्या ट्रकवर घालून निघालेले. बाबा प्रत्येक होडीतली माणसं मोजायचे. मोठ्याने मोजायचे. तुमचं वाक्य त्यांच्या मनातून गेलंच नव्हतं.

१८ तारखेला तुमचा आवाज आला. एका शाळेतल्या छावणीतून, कोणाच्या तरी फोनवरून. ‘कोळ्यांच्या होडीतनं आलो. पेज मिळतीया, झ्याक हाय.’ सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

दसऱ्याला आम्ही आलो, ते तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या दुकानाच्या भिंतीवर नवी रेघ होती, आता तुमच्या डोक्याच्याही वर. भट्टी नवी बांधली होती, तिच्या विटा अजून लाल होत्या. तुम्ही आम्हाला सोलापुरी चादरीवर बसवून चहा पाजलात आणि मुन्नारला कोणाच्या गाडीने जायचं ते ठरवून दिलंत, कारण त्या गाडीवाल्याला दोन महिने भाडं नव्हतं. वर गेलो तर हॉटेलं रिकामी. आम्हाला जेवण वाढणारा मुलगा सारखा विचारत होता, आणखी कोणी येणार आहे का तुमच्याकडचं? नीलकुरिंजी फुलते त्या राजमलाच्या वाटेवर पेरियवरचा पूल वाहून गेला होता, तिथे तात्पुरती सोय केलेली होती.

डोंगरच्या डोंगर निळे झालेले नव्हते, पावसाने खूप बहर झोडपला होता. उशिरा फुललेले ताटवे होते, धुक्यात अधूनमधून दिसणारे. बाबा एका झुडपापाशी उकिडवे बसले. अंगठ्याएवढी घंटेसारखी फुलं, निळी म्हणावी तर जांभळी. तोडायची नाहीत हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी नुसता तळहात फुलांखाली धरला, जणू त्यांचं वजन बघावं, आणि लेकीला म्हणाले, ‘ही कारवीची बहीण. कारवीची पानं आठव.’ मग बराच वेळ कोणी बोललं नाही. तो फोटो मी तुम्हाला पाठवला होता.

आता दुसऱ्या एका गोष्टीबद्दल, जी आपण कधी बोललो नाही. २०१९ च्या ऑगस्टात तुमचा फोन आला. तुमचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता. भिलवडीत मामाच्या घरात पाणी, मामी म्हातारी, फोन लागत नव्हता. तुम्ही निघायच्या तयारीत होतात. सांगलीत आयर्विन पुलाची इशारा नि धोक्याची पातळी तुम्हाला तोंडपाठ, ४५ फुटांना धोका. त्या दिवशी ५७ च्या वर गेली होती. कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली. ब्रह्मनाळला होडी उलटल्याची बातमी त्याच दिवशीची. आणि तुमच्याकडे केरळातही पुन्हा पाऊस कोसळत होता.

मी तुम्हाला तुमचंच वाक्य सांगितलं, दादा. होडीतली एक जागा. सांगताना माझी जीभ जड झाली, कारण आमची सहल होती आणि तुमची मामी होती. फार फरक आहे त्यात. तुम्ही खूप वेळ गप्प होतात. मग म्हणालात, ‘व्हय. बरोबर हाय. मग तुम्ही मला तासातासाला पातळी सांगा.’ मग चार दिवस आम्ही सांगत होतो. रात्री बाबा जागायचे, पहाटे मी. कोयनेतून किती सोडलं, आयर्विनला किती फूट, सगळं वहीत लिहून. मामी छावणीत सुखरूप आहेत हे कळल्यावर तुम्ही रडलात. बाबाही रडले.

वर्ष आधी तुम्ही काठावर जाऊन जे केलंत, त्याची परतफेड यात झाली असं मी म्हणणार नाही. पण माहिती मागणाऱ्या माणसाला ती तासातासाला, न कंटाळता, खरी द्यायची, हे आम्ही तुमच्याकडून शिकलो.

बाबांची तब्येत बरी आहे. फुलांखाली हात धरलेला फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलाय. तुमचा चिखलाच्या रेघेचाही लावायचा म्हणतात, मला तो मोबाईलमध्येच बरा वाटतो. सासूबाईंनी शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट पाठवलंय, पार्सल आज कुरिअरला दिलं. डबा घट्ट बंद केलाय, तरी दमट हवा आहे तुमच्याकडे, आल्याबरोबर काचेच्या बरणीत काढा. पोचलं की कळवा.

तुमची,
पुण्याची ताई