विकास-आवृत्त्या मराठी मजकुरावर तपासल्या जाव्यात

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पानावर नव्या मोबाइलची आणि नव्या ॲपची माहिती नेमाने येते. मात्र डेस्कटॉपवरचे प्रोग्रॅम ज्यांच्या आधारावर चालतात, त्या मुक्तस्रोत लायब्रऱ्यांच्या (म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या तयार कोडच्या संचांच्या) विकास-आवृत्त्या, म्हणजे पक्क्या होण्याआधीच्या चाचणीच्या आवृत्त्या, बाहेर पडतात तेव्हा त्याचा उल्लेख कुठेच होत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांचा या आवृत्त्यांशी थेट संबंध आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जीटीके ही लायब्ररी १९९० च्या दशकात गिंप या चित्रसंपादन प्रोग्रॅमसाठी लिहिली गेली आणि पुढे लिनक्स या संगणक-प्रणालीवरच्या ग्नोम या डेस्कटॉपचा पाया झाली. खिडक्या, बटणे आणि मजकुराचे चौकोन ती मांडते. ओळ कुठे मोडायची आणि कोणता फाँट घ्यायचा हे पँगो ही दुसरी लायब्ररी पाहते, तर अक्षरांच्या क्रमावरून फाँटमधली नेमकी कोणती आकृती उचलायची हे हार्फबझ ही तिसरी लायब्ररी ठरवते. (हार्फबझ या नावातला फारसी ‘हर्फ’ म्हणजे आपल्या जुन्या मराठीतला ‘हरफ’च.) हार्फबझ केवळ लिनक्सपुरती नाही, फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिस यांतली देवनागरीही तिच्याच हातून घडते.

जीटीकेच्या घराण्यात क्रमांकाचा एक संकेत आहे. पहिल्या टिंबानंतरचा आकडा विषम असेल तर ती विकासाची आवृत्ती आणि सम असेल तर ती स्थिर आवृत्ती. ४.१७ या नावाने जे काम चालले, तेच मार्च २०२५ मध्ये ४.१८ म्हणून स्थिर झाले. ग्नोमचे वेळापत्रकही ठरलेले आहे. मार्च आणि सप्टेंबर हे स्थिर आवृत्तीचे महिने आणि त्याआधी अल्फा, बीटा व आरसी (स्थिर होण्याआधीची शेवटची चाचणी-आवृत्ती) हे चाचणीचे क्रमाने येणारे टप्पे. बीटापासून एकेक दार बंद होत जाते, म्हणजे नवी सोय घेतली जात नाही, रचना बदलत नाही आणि अखेरीस भाषांतराची वाक्येही गोठवली जातात. त्यानंतर चूक सापडली तर ती दुरुस्त होत नाही असे नाही. पण तोवर ती असंख्य संगणकांवर पोहोचलेली असते. लायब्ररीच्या जाहीर रचनेतच, म्हणजे इतर प्रोग्रॅम जिच्यावर विसंबतात त्या भागातच, काही चुकले असेल तर पुढच्या मोठ्या आवृत्तीची वाट पाहावी लागते, आणि जीटीके ३ (फेब्रुवारी २०११) ते जीटीके ४ (डिसेंबर २०२०) हे अंतर जवळपास दहा वर्षांचे होते.

मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत काम करतो. दोन वर्षांपूर्वी आमचे संगणक अद्ययावत केले आणि दुसऱ्याच दिवशी फलकावर लावायची सूचना छापली, तेव्हा ‘सर्व कर्मचाऱ्यांनी’ या शब्दांत र खाली टिंब, त्याला मोडका पाय आणि शेजारी सुटा ‘यां’ असे तीन तुकडे उमटले. आधी आम्ही फाँटला दोष दिला, मग प्रिंटरला. शोध घेतल्यावर कळले की हा दोष कित्येक महिने आधीच्या विकास-आवृत्तीतही होता, फक्त तिच्यात कुणी मराठी मजकूर उघडून पाहिला नव्हता. कळवल्यावर दुरुस्ती झाली, परंतु ती आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर सत्र संपत आले होते आणि तोवर प्रत्येक सूचना आम्ही दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नव्याने टंकून काढत होतो.

यात लायब्रऱ्या लिहिणाऱ्या तंत्रज्ञांचा दोष मी मानत नाही. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक पडद्यावर दिसणार कसा? अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो, एकदा टिंबाचा ऱ वापरून आणि एकदा साध्या र्‍ पुढे अदृश्य जोडक घालून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक प्रकार दुसऱ्याला सापडत नाही, हे आपल्यालाच ठाऊक असते. ल आणि श यांची मराठी वळणे फाँटमध्ये असूनही मजकुराची भाषा मराठी अशी नोंदलेली नसेल तर हिंदी वळण उमटते, हेही आपल्याच डोळ्यांना खुपते.

कर्सरचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. २०२३ साली युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, १५.१ आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे एकसंध मानण्याचा नियम आणला. हा नियम लायब्रऱ्यांत उतरतो तेव्हा ‘किल्ल्यावर’ या शब्दात बाणाची कळ कुठे थांबते ते बदलू शकते. माझ्या मते बाणाने ‘ल्ल्या’ एका उडीत ओलांडावा, पण मागे खोडताना मात्र एकेकच चिन्ह जावे. नाहीतर एक काना चुकला म्हणून सगळे जोडाक्षर पुन्हा टंकावे लागेल. यावर इतरांचे मत वेगळे असू शकते. ते मत बीटाच्या काळात मांडले तर त्याचा उपयोग होतो.

म्हणून माझी विनंती अशी, की फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, बीटाच्या सुमारास, आपण चार ओळींची सूचना छापावी आणि संगणकशास्त्राच्या विभागांनी एक जुना संगणक किंवा एक आभासी यंत्र (संगणकाच्या आत प्रोग्रॅमने चालवलेला दुसरा संगणक) याच कामासाठी राखून ठेवावे. रोजच्या कामाच्या संगणकावर विकास-आवृत्ती कुणीही घालू नये, कारण ती मध्येच बंद पडू शकते. दोष इंग्रजीत कळवावा लागतो, पण त्यासाठी भाषेवर प्रभुत्व लागत नाही. दोन ओळींची फाइल, पडद्याचे चित्र आणि त्याशेजारी अक्षर कसे दिसायला हवे त्याचे चित्र एवढे दिले, की मराठी न जाणणाऱ्यालाही काय बिघडले ते कळते.

आमच्या प्रयोगशाळेने तपासणीसाठी चाळीस शब्दांची यादी केली आहे. इतर महाविद्यालयांनी मागितल्यास ती आनंदाने पाठवू. यादीतला पहिला शब्द ‘कर्मचाऱ्यांनी’ हा आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
प्रयोगशाळा साहाय्यक, सांगली जिल्हा