मी लिहिलं होतं

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू "सगळं ठीक आहे" म्हणालास, मीही "बरं" म्हणून फोन ठेवला. पण छकुलीनं त्याआधीच आजीला सगळं सांगून टाकलं होतं. मंगळवारी शाळा सुटल्यावर ती चाळीस मिनिटं फाटकापाशी उभी होती. तुला वाटलं तिची आई आणेल, आईला वाटलं तू. मी त्यावर काही बोलणार नाही. तुम्ही दोघं नोकऱ्या सांभाळून जे करता, ते आम्हाला जमलं नसतं. पोरगी सुखरूप आहे, संपला विषय. एवढंच सांग, तिच्याजवळ कुणी मोठं माणूस उभं होतं ना?

असो. लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणासाठी.

पोरीच्या सांगण्यावरून तुमच्या भांडणात दोनच वाक्यं होती. तुझं, "मी लिहिलं होतं." सूनबाईचं, "मला दिसलं नाही." रात्री कूस बदलता बदलता माझ्या लक्षात आलं की तुम्ही दोघंही खरं बोलत होतात. तुझा आयफोन, तिचा ॲन्ड्रॉइड. तू तुझं आयक्लाउडवरचं कॅलेंडर सार्वजनिक करून तिला लिंक दिलीस, तिनं ती आपल्या कॅलेंडरला जोडली. मागे आलास तेव्हा मोठ्या हौसेनं दाखवलं होतंस. पण लिंकनं जोडलेलं कॅलेंडर म्हणजे नुसती प्रत रे. नवी प्रत ठरावीक काळानं मागवली जाते, आणि त्यात बारा-बारा तासही जाऊ शकतात. मीटिंग लांबली म्हणून तू दुपारी नोंद बदललीस, तेव्हा तिच्या फोनवर सकाळचीच प्रत होती. त्या प्रतीत तूच जाणार होतास.

आणखी एक. ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं वाचता येतं. त्यात छकुलीच्या शाळेच्या वेळा आहेत, सुटायची वेळ आहे. आज रात्रीच बंद कर. हे मात्र मी सांगतो आहे, सुचवत नाही.

पण मला खरं खटकतं ते वेगळंच. त्या लिंकवर तिला फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. म्हणजे तुझा दिवस तिनं बघायचा आणि आपला दिवस त्याभोवती बसवायचा. तुझ्या मनात तसं नव्हतं हे मला ठाऊक आहे. लागलो बघ उपदेश करायला. रागावू नकोस.

तुझा जुना आयफोन आईकडे आहे आणि माझा ॲन्ड्रॉइड, म्हणजे आमचंही जोडपं तुमच्यासारखंच. चार दिवस खटपट केली. संगणकावर गूगल कॅलेंडर उघडून 'घर' नावाचं नवं कॅलेंडर केलं. माझंही नाही, तिचंही नाही, तिसरं. सेटिंग्जमध्ये जाऊन आईचा ईमेल घातला. तिथे परवानगीच्या चार पायऱ्या असतात: नुसतं मोकळे की कामात एवढंच दिसणं, सगळे तपशील दिसणं, नोंदी बदलता येणं, आणि बदलून वर दुसऱ्या कुणाला सामील करून घेणं. आईला मी तिसरी दिली. ती म्हणाली, "चौथी का नाही?" दिली.

मग तिला मेल आली. त्यातली लिंक दाबल्याशिवाय कॅलेंडर येत नाही, ते दोन दिवसांनी कळलं. तिच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगलचं खातं जोडलं, कॅलेंडरची खूण चालू केली, तरी 'घर' काही दिसेना. गूगलचं सिंकसिलेक्ट नावाचं एक आडबाजूचं पान आहे. तिच्या खात्यानं तिथे जाऊन 'घर'समोरच्या चौकटीत खूण करायची आणि जतन करायचं. केलं, आणि आलं! आयफोनवर सरळ गूगल कॅलेंडरचंच ॲप घेतलं तर या पानाच्या वाटेला जावं लागत नाही. तू तेच कर.

तरीही आमचं वाजलंच. आईनं तपासणीची वेळ लिहिली, मला दिसेना. ती म्हणे, "मी लिहिलं आहे," मी म्हणे, "नाहीये." शेवटी दोघांचे फोन शेजारी शेजारी ठेवून बघितले. तिची नोंद निळ्या ठिपक्याची, 'घर' हिरवं. नवी नोंद आपोआप तिच्या आयक्लाउडच्या कॅलेंडरात जात होती. आयफोनच्या कॅलेंडर सेटिंग्जमध्ये मूळ कॅलेंडर कुठलं ते ठरवता येतं, तिथे 'घर' निवडलं तेव्हा कुठे जमलं. आठवणीची घंटासुद्धा ज्याची त्यानं लावायची असते. तू लावलीस म्हणून सूनबाईचा फोन वाजत नाही. आणि शाळेची नोंद करताना 'छकुली ३:३०' एवढंच नको. कोण आणणार त्याचं नाव लिही. नाही तर पुन्हा ती फाटकाशी आणि तुम्ही दोघं निश्चिंत.

परत तेच बोललो. नाही बोलणार म्हणालो होतो.

वेगवेगळ्या यंत्रांना एकमेकांच्या नोंदी कळाव्यात म्हणून आयकॅलेंडर नावाची सामाईक लिपी १९९८ मध्ये ठरली, असं वाचलं. १९९८ म्हणजे तू चौथीत. तुझ्या हस्ताक्षराला पहिलं बक्षीस होतं त्या वर्षी. तुझी आजी दवाखान्यात होती, आई तिच्यापाशी. जायच्या आधी आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, "बक्षीस, ५ वा., बाबा." ते कॅलेंडर माझ्या दाढीच्या आरशाशेजारी होतं. आठवडाभर रोज त्याच्यासमोर उभा राहून मी दाढी केली, आणि एकदाही मान वळवून बघितलं नाही, कारण तिथे लिहिणं हे तिचं काम आणि वाचणंही तिचंच. अंधार पडल्यावर धावत आलो तेव्हा तू पायरीवर बसला होतास, प्रमाणपत्राची सुरळी करून. घामानं कडेची शाई पसरली होती. "उशीर झाला का रे?" विचारलं, तर "नाही" म्हणालास. कालच्या फोनवरच्या "ठीक आहे"सारखंच.

तू पुढे ही गोष्ट कधी काढली नाहीस, विसरलाही असशील. आई मात्र त्या रात्री एवढंच म्हणाली होती, "मी लिहिलं होतं."

सूनबाईला माझे आशीर्वाद सांग. हे पत्र तिला दाखवायचं की नाही ते तुझं तू बघ. छकुलीला म्हणावं, आजोबांना पुन्हा फोन कर, वॉचमनकाकांची गोष्ट अर्धी राहिली आहे. होते ना ते तिच्याजवळ? तिनं नाव घेतलं तेव्हा जरा बरं वाटलं.

तुलाही 'घर'चं निमंत्रण पाठवलं आहे, मेल बघ आणि लिंक दाब. त्यात १४ तारखेला ११ वाजता आईचं डोळ्याचं ऑपरेशन दिसेल. फोनवर सांगणार होतो, पण ती शेजारीच बसली होती आणि तुला कळवू नका म्हणत होती. तुला बदल करायची परवानगी आहे, पण ती वेळ हलवू नकोस, तीन आठवड्यांनी मिळाली आहे.

तुझा,
बाबा